हमोच्या हातचं पाणी

ग्युमरी, १२ जानेवारी २०११

नाझेली जान,

आशीर्वाद लिहू की नको, ते तूच ठरव. माझं नाव निघालं की तुझी आई थुंकते, असं क्नारिक म्हणाली. थुंकू दे. मार्सेलच्या त्या चकचकीत फरशांवर थुंकायला जागा सापडत असेल तर खुशाल थुंकू दे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. आणि नुसता कागद पाठवला असता तर तू तो न वाचता शेगडीत घातला असतास, म्हणून सोबत खोकं. खोकं उघडायचा मोह तुला आवरणार नाही. तुमच्या साखरपुड्याच्या ताटावरचं फडकं तू पाहुण्यांच्या देखत उचलून पाहिलं होतंस. माझा हमो तेव्हा एवढा हसला की त्याच्या हातातला पेला सांडला.

खोक्यात गळ्याची लेस आहे, सुईने विणलेली, माझ्या हातची. एक चांदीचं डाळिंब आहे. द्राक्षाच्या काकवीत बुडवून वाळवलेली अक्रोडांची माळ आहे, ती तुला आवडते म्हणून जरा जाड केली. वाळलेले जर्दाळू आहेत. तुझ्या त्या फ्रान्समध्ये सगळं मिळतं म्हणे, पण जर्दाळूला आपल्या उन्हाची चव कुठून येणार? अशी खोकी मी आता क्नारिकच्या दुकानासाठी भरते. चौकातलं तिचं दुकान तुला आठवत असेलच. बाहेरदेशी वाढलेली आपली पोरं उन्हाळ्यात येतात, आजीच्या गावचं काहीतरी हवं असतं, आणि भाव न करता घेऊन जातात.

तळाशी कागदात बांधलेली खारी भाकरी आहे. तळहाताएवढी. तीही मीच केली आहे. क्नारिकने वर चिठ्ठी चिकटवली आहे, 'खा, पाणी पिऊ नका, झोपा, नवरा दिसेल.' बाहेरून आलेल्या पोरी ती वाचून खिदळतात आणि दोन-दोन घेतात. तुला चिठ्ठीची गरज नाही. जेवढं पीठ तेवढं मीठ, मळताना तोंडातून शब्द काढायचा नाही, खाल्ल्यावर पाण्याचा थेंब नाही, कुणाशी बोलणं नाही, सरळ अंथरुणात. स्वप्नात ज्याच्या हातचं पाणी पिशील त्याच्या घरी जाशील. माझ्या वेळी मला सासरे दिसले होते, पाणी द्यायला तेच पुढे, आणि नवरा मागे उभा राहून भांडं विसळत होता. लग्नानंतर अगदी तसंच झालं.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तुझं ठरलं हे मला कळलं. गारो नाव, घड्याळं दुरुस्त करतो, ईस्टरनंतर लग्न. मुलगा चांगला असेल. वाईट असता तर मला बरं वाटलं असतं, एवढंच.

हमो रशियाला बांधकामावर गेला त्याला आता चौथा हिवाळा आहे. तू तीन वर्षं थांबलीस, ते मी मोजत नव्हते असं समजू नकोस. तू निघालीस तेव्हा मी जिन्यात उभी राहून नको नको ते बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला, माझा स्वभावच तसा. सगळी आळी म्हणते की त्याने तिकडे पिवळ्या केसांची बाई ठेवली आणि संसार थाटला. मुकादमानेही तेच कळवलं होतं. असेना का! मी त्या बाईलाही जेवायला वाढीन, तिच्या पोरांचे मोजे विणीन. पण तो आहे. कुठेतरी आहे. आणि त्याची वाट बघणारं माझ्याशिवाय दुसरं माणूस या जगात उरलं नाही, तर तो परत कशासाठी येईल?

म्हणून एकच मागते. पुढच्या महिन्यात संत सार्किसच्या सणाच्या आदल्या रात्री ही भाकरी खा. गारोने पाणी दिलं तर मी इथे आमच्या गॅलरीत उभी राहून तुझ्या लग्नात नाचेन, आळीने कितीही हसू दे. हमोने दिलं तर ये.

आर्शालूइस
(तुझी आई 'ती सटवी' म्हणते ती)


ग्युमरी, ३ फेब्रुवारी

नाझेली जान,

खोकं पोचलं हे पोस्टातून कळलं. तू सही केलीस. म्हणजे परत पाठवलं नाहीस. बाकी काही विचारत नाही.

पण एक सांगायचं आहे, आणि हसू नकोस. परवा मी लेस द्यायला दुकानात गेले, तर क्नारिक संगणकासमोर बसलेली. चेहरा असा की मला वाटलं कुणीतरी गेलं.

"आर्शो, बस," म्हणाली.

"बसायला काय झालंय? पैसे बुडाले का कुणाकडे?"

"बैरूतच्या मुलीने लिहिलंय. सप्टेंबरमध्ये खोकं नेलं होतं बघ, ती उंच, सारखी फोटो काढणारी. तिने गंमत म्हणून भाकरी खाल्ली. लिहितेय, मला स्वप्नात दिसला तो कोण? कुणी नट असेल तर पाकिटावर त्याचा फोटो लावा."

"मग? नवरा दिसला, चांगलंच झालं की."

"आर्शो, डावी भुवई मधोमध तुटलेली. कान बाहेर आलेले. राखाडी कोट, आणि त्याचं एक बटण लाल दोऱ्याने शिवलेलं."

मी खाली बसले. ते बटण मी शिवलं होतं, बसस्टँडवर, तो निघताना. काळा दोरा संपला होता आणि तो म्हणत होता, "राहू दे ग आई, तिकडे कोण बघतंय."

आणि एकटी तीच नाही. ब्युनोस आयर्सच्या एका मुलीने डिसेंबरात लिहिलं होतं, क्नारिकने ते मला दाखवलंच नव्हतं. तिलाही तोच. केसांवर बर्फ, हातात पत्र्याचा डबा, कडी असलेला, आपण दूध आणतो तसा. तिने डब्याला ओठ लावले आणि दचकून जागी झाली. तिकडे भर उन्हाळा आहे म्हणे, आणि सकाळी तिचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरला काही कळलं नाही. तिने लिहिलंय, 'तुमच्या भाकरीत मीठ फार आहे.'

पोरी, मी रडले आणि हसले, दोन्ही एकदम. तूच विचार कर. ही भाकरी होणारा नवराच दाखवते. मेलेला माणूस कुणाचा नवरा होत नाही. म्हणजे तो जिवंत आहे! मी हे क्नारिकला सांगितलं, तर ती टेबलावरची धूळ पुसत राहिली. तिथे धूळ नव्हती.

"एक माणूस जगभरच्या पोरींचा नवरा कसा होईल, आर्शो?"

"देखणा आहे माझा मुलगा."

"मस्करी नको. माझं ऐक, या वर्षी भाकरी करू नकोस. माझी सासू म्हणायची, ज्या घरात मयत झालंय आणि अजून जेवण घातलेलं नाही, त्या घरात खारं पीठ मळू नये."

"आमच्या घरात मयत कुठे झालंय?"

तिने फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मळताना बोलत नाहीस ना?"

बोलत नाही. नियम मला तिच्या सासूपेक्षा जास्त माहीत आहेत. तोंड बंद ठेवते. पण मनात त्याला हाक मारायला कुणी बंदी केलेली नाही, आणि पीठ मऊ होईपर्यंत मी तेवढंच करते. हमो, ये. हमो, ये. दुसरं काय करणार एकटी बाई?

अठराला खा. विसरू नकोस.

आर्शो


ग्युमरी, २० फेब्रुवारी

नाझेली,

काल संत सार्किस झाला. आधी तुझं सांग. खाल्लीस? कोण आलं? एक शब्द कळव, क्नारिकच्या दुकानात फोन कर, माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

आता इथलं. रिवाजाप्रमाणे भाजलेल्या पिठाची परात गॅलरीत ठेवली होती, पीठ पेल्याच्या बुडाने सपाट केलेलं. रात्रभर वादळ. संत सार्किसचा घोडा धावला की असंच वारं सुटतं. सकाळी शेजारणी आपापल्या पराती घेऊन जिन्यात जमल्या आणि नेहमीचं सुरू झालं. "हा बघ टापेचा ठसा!" "तो टापेचा ठसा? मांजर मुतलंय तुझ्या पिठात." तसं.

माझी परात मी कुणाला दाखवली नाही. तुला सांगते. माझ्या पिठात घोड्याचं काही नव्हतं. माणसाची पावलं होती, दोन. डावं बुटाचं, टाचेला खिळे मारलेला असतो तसा. उजवं अनवाणी. बोटं फाकलेली आणि अंगठ्याजवळचं बोट अंगठ्यापेक्षा लांब. तुला माहीत आहे ते कुणाचं बोट आहे. लहानपणी त्यावरून मी त्याला चिडवायचे की तू बायकोच्या डोक्यावर बसणार. तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी, नाझेली. खाली नुसता बर्फ, आणि बर्फावर एक ओरखडा नाही.

मी परातीशी उभी राहून त्याला म्हटलं, "अरे वेड्या, एक बूट कुठे टाकलास?" आईच ना मी, आधी तेच सुचलं.

मग चर्चच्या अंगणात गेले. आळीतल्या पोरी एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, आणि एरवी या दिवशी कसला गोंगाट असतो! सगळ्यांनी माझीच भाकरी खाल्ली होती, यंदा मीच वाटली होती. सगळ्यांना तोच आला. राखाडी कोट, डबा, केसांत बर्फ. कुणी किंचाळून उठली, कुणाच्या हातून डबा निसटला. पाणी प्यायली एकटी लुसिक. क्नारिकची लुसिक, तुझ्या साखरपुड्याच्या वेळी शाळेत होती ती. आता लग्नाची झाली आहे, आणि बेकरीवाल्याच्या मुलाशी जवळजवळ ठरलंय.

"मावशी, पाणी गोड होतं," मला म्हणाली. "हमोदादा काही बोलला नाही. नुसता दाराकडे बघत होता, चल म्हणाल्यासारखा."

"घाबरलीस?"

"नाही. तो थंडीने काकडत होता. मला त्याची दया आली."

तिचे हात मी हातात घेतले. बर्फाहून गार. मी म्हटलं, हातमोजे घाल ग कार्टे. दुसरं काय म्हणणार होते?

संध्याकाळी क्नारिक माझ्या दारात उभी. आत ये म्हटलं तरी येईना. "माझी पोरगी म्हणते बेकरीवाल्याला नकार कळवा. आर्शो, तुझ्या मुलाला आवर."

"आवरायला तो माझ्यासमोर कुठे आहे? आणि तुझ्या लुसिकला त्याने बोलावलं का? त्याचं ठरलेलं आहे, नाझेलीशी."

"ते तू त्याला सांग. ज्याच्यासाठी जेवण घालायला हवं होतं त्याच्यासाठी तू चार वर्षं बिछाना घालून ठेवतेस. दुसऱ्याच्या लेकी त्यात झोपवू नकोस."

मी दार लावून घेतलं. तीस वर्षांची मैत्री आहे, म्हणून तोंडावर आपटलं नाही, हळूच लावलं. पण रात्री मला एक विचार आला आणि तो तुला लिहिल्याशिवाय राहवत नाही. तो लुसिककडे जातो, बैरूतच्या पोरीकडे जातो, कारण ज्या दारी त्याने जायचं ते तू बंद केलंस. तू आलीस तर तो इकडेतिकडे भटकणार नाही. आणि लुसिकला तुझ्या नखाची सर नाही, हे मी तिच्या आईच्या तोंडावरही सांगेन.

फोन कर.

आर्शो


ग्युमरी, ६ मार्च

नाझेली,

येऊ नकोस.

काल तू दुकानात फोन केलास. जे बोललीस ते क्नारिकने मला शब्दन् शब्द सांगितलं. तू अर्धी भाकरी खाल्लीस, तो आला, तू डबा हातात घेतलास, आणि तेवढ्यात घड्याळाचा गजर झाला. तू गारोला अंगठी परत केलीस. तिकीट काढलंस. निघायच्या आदल्या रात्री, म्हणजे दहा तारखेला, उरलेली अर्धी खाणार आहेस आणि या वेळी पिणार आहेस. 'आर्शो मावशीला सांगा, तिचं खरं होतं,' असं म्हणालीस. मावशी म्हणालीस मला.

तू गेल्यापासून याच फोनची मी वाट बघत होते. आणि मी सांगते आहे, येऊ नकोस. भाकरी फेकून दे. कुत्र्यालाही घालू नकोस, मातीत पुर.

क्नारिकने तुला परत फोन लावला, तर तू म्हणालीस, "आता सासूबाईंना माझा हेवा वाटतो." आणि फोन ठेवलास. म्हणून सगळं लिहिते.

बुधवारी सकाळी लुसिक घरात नव्हती. आम्ही अख्खी आळी हिंडलो. दरीतल्या जुन्या पुलाखाली सापडली, नदीच्या काठावर, अंगात झिरझिरीत उन्हाळी झगा, एक पाय अनवाणी. बूट हातात धरलेला. बर्फात बसली होती आणि हसत होती. "आता थोडंच राहिलं होतं," आईला म्हणाली. "तो म्हणाला होता थोडंच आहे." डॉक्टरांनी पायाची बोटं काढली. ती रडली नाही. रडते ती तिला परत आणलं म्हणून. क्नारिक तिला पलंगाला बांधून ठेवते, माझ्याच शालीने, कारण ती मऊ आहे.

मला वाटलं क्नारिक माझ्या झिंज्या उपटेल. तिने काही केलं नाही. दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "वाचो आलाय. आई वारली त्याची, म्हणून. तुला भेटायचं टाळतोय. तूच जा."

वाचो म्हणजे हमोच्या बरोबर गेलेला, पलीकडच्या चाळीतला, तोतरा. मी गेले. तो मला पाहून उभा राहिला आणि मग बसेचना.

"सांग," मी म्हटलं. "ती बाई कशी आहे? पिवळ्या केसांची."

"बा-बाई नाहीये, मावशी."

"मग?"

"नळ गोठले होते. नदीवरच्या बर्फाला भोक पाडून पाणी आणायचो आम्ही, पाळीपाळीने. त्या दिवशी पाळी माझी होती. मला ताप होता. हमो म्हणाला, पडून राहा, सगळ्यांना तहान लागलीय, मी आणतो. डबा घेऊन गेला."

"पुढे?" मी म्हटलं.

"वादळ थांबल्यावर गेलो आम्ही. भोकाच्या कडेला एक बूट होता. उजवा. बर्फात रुतून बसलेला. मुकादमाने सांगितलं, पळून गेला म्हणायचं, कामाचे कागद कुणाचेच नव्हते ना. मला तोंड उघडायची हिंमत झाली नाही, मावशी. माझी पाळी होती."

मी त्याच्या थोबाडीत मारली. मग त्याचं डोकं छातीशी धरलं. तोही कुणाचा तरी मुलगाच, आणि त्याची आई आताच गेलेली.

घरी येताना मला सगळं कळलं, नाझेली. तो कुणाचाही नवरा म्हणून येत नाही. त्याला पाणी पोचवायचं आहे. ज्यांच्यासाठी नेत होता त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही, आणि मी इथे मीठ मळत जगभरच्या पोरींना तहान लावत बसले, वर त्याला हाका मारत. तो बिचारा ज्याला तहान लागेल त्याच्याकडे जातो. लहानपणापासून तसाच आहे, सांगितलेलं काम अर्धं टाकून झोपायचा नाही. पण त्याच्या डब्यातलं पाणी त्या भोकातलं आहे. जो पिईल तो तिथेच जाईल.

तू पिऊ नकोस. मी तुला बोलावलं ते माझ्यासाठी बोलावलं, त्याच्यासाठी नव्हे आणि तुझ्यासाठी तर मुळीच नव्हे. गारोला अंगठी परत माग. त्याला सांग, एका म्हातारीने वेड लावलं होतं. ते खरंच आहे.

आर्शालूइस


ग्युमरी, १० मार्च, सकाळ

नाझेली जान,

हे पोस्टात टाकून उपयोग नाही. क्नारिक तुला फोनवर वाचून दाखवील. मीच बोलले असते, पण सकाळपासून घशातून आवाज निघत नाही. आणि आता फोन ठेवू नकोस, एवढं ऐक. तू आज रात्री खाणार आहेस, तुझा हट्ट मला माहीत आहे. माझं आधीचं पत्र तुझ्यापर्यंत वेळेवर पोचलं नसेल. म्हणून मी एक दिवस आधी खाल्ली.

माझ्यासारख्या बाईने खायची नसते. नवरा होऊन गेलेला, मूल होऊन गेलेलं. पण घरात मयत असताना मळायचीही नसते, तेही मी केलंच होतं. शेवटची भाकरी डब्यात उरली होती. खाल्ली. जीभ जळाली. या पोरी इतकं मीठ गंमत म्हणून कशा खातात देव जाणे. अंथरुणात पडले आणि या वेळी हाक मारली नाही.

तो आला. नाझेली, किती वाळलाय! चेहरा तोच, पण जरा लांबून आणलेला असावा तसा. कोट कडक झालेला, हलला की कटकट आवाज येत होता. लाल दोरा मात्र लालच होता. मला बघून तो गोंधळला. पाहुण्यांच्या घरात चुकून आपल्याच आईच्या खोलीत शिरल्यासारखा दारात थांबला.

"कुणासाठी आणलंस रे?" मी विचारलं.

"त्यांना तहान लागलीय, आई."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"आण इकडे."

तो द्यायला तयार होईना. डबा छातीशी धरून उभा राहिला. मी त्याला म्हटलं, हमो, मी तुझी आई आहे, माझ्याहून जास्त तहान कुणाला लागलेली नाही. मग त्याने दिला. मी प्यायले. पाणी गोड होतं, लुसिक खोटं बोलली नव्हती. पहिल्या घोटाला दात दुखले, मग छाती, मग काहीच दुखेना. संपेचना ते. मध्येच मला वाटलं पुरे, आणि मला तू दिसलीस, साखरपुड्याच्या ताटावरचं फडकं उचलणारी. मग मी थांबले नाही. तळाशी बर्फाचे तुकडे होते, तेही चावून खाल्ले. डबा त्याच्या हातात परत दिला. त्याने उपडा केला, आत डोकावला. एक थेंब पडला नाही. मग त्याने चार वर्षांत पहिल्यांदा बूड टेकलं. माझ्या पलंगाच्या कडेला बसला आणि अनवाणी पाय दुसऱ्या पायावर घासत म्हणाला, "झालं मग."

"झालं," मी म्हटलं.

सकाळी उठून मी काळा रुमाल बांधला. चर्चच्या पाद्र्यांना, तेर-हायरांना, निरोप पाठवला. उपवासाचे दिवस आहेत, म्हणून मांस नाही. मनुका घालून भात केला आहे, घेवडा आहे, बायका लवाशच्या रोट्या घेऊन येतायत. हमायाकच्या, आपल्या हमोच्या नावाने आज जेवण घातलं जाईल, आणि त्याला मेलेला म्हणायची कुणाला चोरी राहणार नाही. तुलाही नाही. तू कुणाची वाग्दत्त वधू नाहीस, हे मी सगळ्या आळीसमोर बोलणार आहे, आवाज निघाला तर. नाही निघाला तर क्नारिक बोलेल.

लुसिक आज उठून बसली. चहा मागितला, साखर जास्त घालून. शाल सोडली. बेकरीवाल्याचा मुलगा दारात पाव घेऊन उभा होता, तर म्हणाली, "तिथे काय उभा आहेस खांबासारखा?" क्नारिक माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मग मागे झाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी शेगडीला टेकून बसले आहे तरी माझे हात गरम होत नाहीत. ओठ कसे दिसतात ते मी आरशात पाहिलं नाही, तिच्या चेहऱ्यात पाहिलं.

रडून घेऊ नकोस, आणि येऊही नकोस, ना आज ना माझ्यासाठी नंतर. ज्याच्या हातचं पाणी पिशील त्याच्या घरी जाशील, नियमच आहे तो. आई मुलाच्या घरी राहायला जाते, त्यात काय नवल? सगळ्या बायका तेच तर मागतात.

त्याच्या डब्यात आता काही उरलेलं नाही. आज रात्री तू ती अर्धी भाकरी खाल्लीस तरी कुणी येणार नाही. तरी खाऊ नकोस. आणि यापुढे कधी मध्येच घसा कोरडा पडून जाग आली, तर अंधारात कुणालाही हाक मारू नकोस, गारोलाही नाही. दिवा लाव, ऊठ, आणि आपल्या हाताने पाणी घे.

आर्शो